ईसीजी नॉर्मल आला म्हणून तुम्ही खोट्या ठरत नाही

पत्र (थोडक्यात): डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी ४२ वर्षांची, कराडजवळ राहते, पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या महिन्यात रात्री जेवणं उरकून खाली वाकून ताटं गोळा करत होते, तेवढ्यात छातीत एकदम धडधड सुरू झाली. धावून आल्यावर होते तशी नव्हती, ठोके पार गळ्यापर्यंत येत होते. सासऱ्यांच्या बीपीच्या मशीनवर नाडी १८८ दिसली. हातपाय गार पडले. शेजारच्या काकांनी स्वतःच्या खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला दिली, त्यानंतर डोळ्यांपुढे अंधारीच आली. यजमानांनी स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. तिथे केसपेपर निघेपर्यंत धडधड जशी आली तशी फटकन थांबली. ईसीजी नॉर्मल, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल. रात्रभर ठेवून घेतलं. सारखी लघवीला जात होते तर सिस्टर म्हणाल्या, घाबरलाय तुम्ही. सकाळी झोपेची गोळी लिहून दिली आणि ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून सोडलं. बिल झालं ते झालंच. आता घरात सगळे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. दीर म्हणतात, एकदा अँजिओग्राफी करून टाका. मला वाकायची भीती बसली आहे, रात्री झोप लागत नाही, सारखी मनगट धरून बसते. बाळंतपणाआधी एकदा असंच झालं होतं, पण ते लवकर थांबलं. हे हृदयाचं आहे की मनाचं? परत झालं तर परत दवाखान्यात जायची लाज वाटते. आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास करू का? – एक वाचक

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या लाजेपासून सुरुवात करते, कारण या सगळ्यात धोक्याची गोष्ट मला तीच वाटते. परत असं झालं तर परत जायचं, आणि लगेच जायचं. धडधड चालू असताना काढलेला एक ईसीजी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देईल. ती थांबल्यावर काढलेले दहा ईसीजीसुद्धा कदाचित देणार नाहीत. त्या रात्री तुमच्या हातात नॉर्मल कागद पडला, कारण तो काढला तेव्हा तुमचं हृदय खरोखरच नॉर्मल चालत होतं. वीस मिनिटांपूर्वी काय चाललं होतं, ते त्या कागदाला कळायला मार्गच नाही. ईसीजी म्हणजे जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण पत्र वाचून मला काय शंका येते ते स्पष्ट सांगते, म्हणजे तुम्ही हृदयरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा नेमकं काय सांगायचं ते तुम्हाला कळेल. ही हृदयाची गती बिघडण्याची तक्रार असावी असं मला वाटतं. डॉक्टर तिला एसव्हीटी म्हणतात. हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी, झटक्यात सुरू होणारी आणि झटक्यात थांबणारी धडधड. हा हार्ट अटॅक नव्हे. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. इथे बिघाड असतो तो ठोक्यांचा ताल धरणाऱ्या विजेच्या वाटेत.

शंका का येते? तुम्ही लिहिलंत की धडधड एकदम सुरू झाली आणि फटकन थांबली. भीतीने, तापाने, जिना चढल्याने वाढलेली नाडी अशी वागत नाही. ती चढत जाते आणि सावकाश उतरते. बसल्या जागी मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. घाबरल्यावर ती १२०-१३० होते, कधी थोडी जास्त. ताटं गोळा करणाऱ्या ४२ वर्षांच्या बाईची १८८ होणं नुसत्या घाबरण्याच्या खात्यात सहज टाकता येत नाही. एसव्हीटीत नाडी बहुधा १५० ते २२० च्या दरम्यान असते. घरच्या मशीनचा आकडा अशा वेळी थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, तरीही तो टिपून ठेवलात हे फार चांगलं केलंत.

गळ्यात ठोके जाणवणं ही तर मोठी खूण आहे. एसव्हीटीच्या एका नेहमीच्या प्रकारात हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आवळतात. वरच्या कप्प्यातल्या रक्ताला खाली जायला वाट मिळत नाही आणि ते मानेच्या शिरांकडे उलटं ढकललं जातं. म्हणून रुग्ण सांगतात, ‘गळ्यात उडतंय’. आणि लघवीचं म्हणाल, तर घाबरल्यावर लघवीला लागते हे खरं असलं तरी अशी धडधड येऊन गेल्यावर भरपूर, पाण्यासारखी लघवी होण्याचं दुसरंही कारण आहे. वरचे कप्पे ताणले गेले की हृदयातूनच एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावतं. कॅज्युअल्टीतल्या गडबडीत ही गोष्ट सहज सुटून जाते. त्या सिस्टरांना मी दोष देणार नाही. पण तुम्ही ती पत्रात लिहिलीत, आणि डॉक्टरांनाही तशीच सांगा. लघवीचं काय सांगायचं म्हणून गाळू नका.

आत नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे भीतीला थोडा आकार येईल. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एक छोटी गाठ असते, तिला एव्ही नोड म्हणतात. वरून आलेली वीज तिथे क्षणभर थबकते आणि खाली जाते. काही लोकांत जन्मतःच या गाठीपाशी एकाऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. मग एखादा ठोका अवेळी पडतो, वीज एका वाटेने खाली उतरते, दुसरीने वर चढते आणि घाण्याच्या बैलासारखी तिथेच गोल फिरत राहते. प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. एसव्हीटीचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच, आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसतो. खाली वाकणं, पटकन उठणं, अशा साध्या हालचालीने तो सुरू झाल्याचं कितीतरी रुग्ण सांगतात. याचा अर्थ वाकणं वाईट असा मात्र नाही. वाकणं बंद केल्याने तो थांबणार नाही आणि वाकण्याने हृदयाला इजाही होत नाही. ताटं खुशाल उचला.

‘मनाचे खेळ’ या शब्दांचं मला खरोखर वाईट वाटलं. ही चूक फक्त तुमच्या घरात होते असं समजू नका, ती जगभर होते. अमेरिकेत १९९७ साली एसव्हीटी सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६७ टक्के लोकांची लक्षणं पॅनिक अटॅकच्या व्याख्येत चपखल बसत होती, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. त्रास मनाचा आहे असं सांगून परत पाठवण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये जास्त होतं. छाती १८८ च्या वेगाने उडायला लागली की कुणाचाही जीव घाबरा होणारच. भीती होतीच, पण ती धडधडीच्या मागून आली असावी. कॅज्युअल्टीत पोहोचेपर्यंत धडधड गेली, भीती तेवढी मागे राहिली, आणि समोरच्याला तेवढीच दिसली.

पॅनिक अटॅक हा खोटा आजार आहे असं मात्र मी म्हणत नाही. तोही खरा, त्रासदायक आणि बरा होणारा आहे. त्यात बहुधा बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, श्वास अपुरा वाटतो, आता मरणार असं वाटतं, आणि दहाएक मिनिटांत तो शिगेला पोहोचून ओसरू लागतो. दोन्ही एकाच माणसाला असूही शकतात. आता रात्री झोप न लागणं, सारखं मनगट धरून बसणं, ही भीती त्या रात्रीने मागे ठेवली आहे. तिच्यासाठी समुपदेशकाची मदत घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या. फक्त तेवढ्यावर हृदयाची तपासणी टाळू नका. आणि ती झोपेची गोळी रोज घेत असाल तर मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आता परत झालं तर काय करायचं ते नीट वाचा, यजमानांनाही वाचायला द्या. आधी खाली बसा किंवा आडव्या व्हा, भोवळ येऊन पडून लागायला नको. किती वाजले ते पाहा. कुणालातरी मनगटावर नाडी मोजायला सांगा आणि ठोके एकसारखे पडताहेत की वेडेवाकडे, हेही पाहायला सांगा. वेड्यावाकड्या ठोक्यांचा आजार वेगळा असतो, त्याची औषधंही वेगळी, म्हणून ही माहिती फार मोलाची.

मग जोर लावण्याची युक्ती. ही आधी डॉक्टरांकडून एकदा समोर करून शिकून घ्या. पाठीला उशी लावून अर्धवट आडवं व्हायचं आणि १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून, आतला दट्ट्या जरासा हलेल इतपत, १५ सेकंद जोराने फुंकायचं. फुंकणं संपताक्षणी सपाट झोपायचं आणि दुसऱ्याने तुमचे दोन्ही पाय उचलून १५ सेकंद वर धरायचे. इंग्लंडमध्ये याची रीतसर चाचणी झाली, २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. नुसतं बसून फुंकणाऱ्यांपैकी १७ टक्के लोकांची धडधड थांबली, तर पाय वर धरणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांची. औषध नाही, खर्च नाही. सिरिंज कुठल्याही मेडिकलच्या दुकानात मिळते, एक देवघराच्या फडताळात ठेवा की घरात सगळ्यांना सापडेल. मानेवरची शीर दाबण्याचा उपाय कुणी सुचवला तर तो घरी करू नका.

सॉर्बिट्रेट तर अजिबात नको. काकांनी मायेने दिली हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे कितीतरी ज्येष्ठांच्या वरच्या खिशात ती असते, आणि ज्यांना डॉक्टरांनी छातीतल्या दुखण्यासाठी लिहून दिली आहे त्यांच्यासाठी ती योग्यही आहे. पण ती रक्तवाहिन्या सैल करते, बीपी खाली आणते. हृदय आधीच १८८ ने पळत असताना बीपी पडलं की माणूस कोसळतो, आणि पडलेलं बीपी सावरायला नाडी वाढण्याचाच संभव असतो. तुम्हाला अंधारी गोळीनंतर आली हे तुम्हीच लिहिलं आहे.

छातीत दुखायला लागलं, धाप लागली, शुद्ध हरपली किंवा हरपेलसं वाटलं, तर युक्त्या-बिक्त्या करत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. यातलं काही नसेल पण दहा-पंधरा मिनिटांत धडधड थांबली नाही, तरी निघा. आणि स्कूटरवर मागे बसून हरगिज नको. चालत्या गाडीवर भोवळ आली तर हृदयापेक्षा डोक्यालाच मोठी इजा व्हायची. १०८ ला वेळ लागणार असेल तर रिक्षा किंवा चारचाकी, आणि सोबत एक माणूस.

दवाखान्याच्या दारात पहिलं वाक्य ठरवून ठेवा: ‘धडधड आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा, केसपेपर हे काढतील.’ यजमानांनी खिडकीवर जायचं, तुम्ही थेट आत. ईसीजीत एसव्हीटी दिसली आणि फुंकून थांबली नाही, तर बहुधा अ‍ॅडेनोसिन नावाचं इंजेक्शन शिरेतून झपकन देतात. ते दिल्यावर काही सेकंद छाती दाबल्यासारखी वाटते, सगळं संपलं असं वाटतं. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस हादरतो, म्हणून मी आत्ताच सांगून ठेवते. त्याचा अंमल काही सेकंदांतच उतरतो. दम्याचा त्रास असेल तर इंजेक्शनाआधी सांगायचं. आणि निघताना त्या ईसीजीची प्रत मागून घ्यायची, लगेच मोबाइलवर फोटोही काढायचा. तो कागद पुढे फिकट होत जातो, पण पुढचे सगळे उपचार त्याच्यावर अवलंबून असतात.

तपासण्यांचं म्हणाल तर वाट पाहत बसू नका, या आठवडा-पंधरवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. सोबत त्या रात्रीचा ईसीजी आणि डिस्चार्ज कार्ड न्या. धडधड नसतानाच्या ईसीजीतही काही जणांत एक जास्तीची वाट जन्मापासून असल्याची खूण दिसते, म्हणून तो जाणत्या डोळ्यांखालून जायला हवा. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतील, त्यात झडपा आणि स्नायू कसे आहेत ते दिसतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी झालेली नसेल तर ती करायची. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्यात मासिक पाळीत जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन किती खाली गेलंय हे बाईला स्वतःलाही कळत नाही. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेलं असलं की हृदय आणखी चिडतं.

होल्टर लावा म्हणतील. छातीवर तारा चिकटवून कमरेला छोटं यंत्र बांधतात आणि २४ किंवा ४८ तास ठोके नोंदवतात. ते बांधून नोकरीवर जायला हरकत नाही, उलट नेहमीसारखंच वागा. पण तुमची धडधड वर्षांच्या अंतराने येत असेल तर त्या एका दिवसात ती सापडण्याची शक्यता कमी. होल्टर नॉर्मल आला की घरात पुन्हा ‘बघ, काही नाही’ सुरू होईल, त्याची मनाची तयारी ठेवा. जास्त दिवस वापरायची नोंदयंत्रं मिळतात, ईसीजी काढणारी मनगटी घड्याळंही मिळतात. कुणाच्या घरात असं घड्याळ असेल तर त्या वेळी नोंद घेऊन डॉक्टरांना दाखवता येते. पण त्यासाठी कर्ज काढून घड्याळ घेऊ नका.

दिरांना सांगा, अँजिओग्राफी रक्तवाहिन्यांसाठी असते. चालताना छातीत दुखत असेल, मधुमेह वगैरे असेल तर तिचा विचार वेगळा. ठोक्यांची वाट तिच्यात दिसत नाही. त्या पैशांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

निदान पक्कं झालं तर पुढचा रस्ता चांगला आहे, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचं आहे. क्वचित येणाऱ्या धडधडीला काही वेळा फुंकण्याची युक्तीच पुरते. वारंवार येत असेल तर रोजच्या गोळ्या असतात. आणि कायमचा उपाय म्हणजे अ‍ॅब्लेशन. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, आधी चुकीची वाट शोधतात आणि तेवढाच बिंदू उष्णतेने बंद करतात. छाती उघडत नाहीत. एव्ही नोडजवळच्या या प्रकारात ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. धोका आहे तो त्या गाठीलाच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागण्याचा, तो शंभरात एक किंवा त्याहून कमी. हे करणारे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला नसतात, कदाचित पुण्या-मुंबईकडे जावं लागेल. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. त्यांना प्रक्रियेचं नाव सांगून, रेशनकार्ड दाखवून आधीच विचारा. घाई मात्र करू नका. बहुतेकांसाठी हा सवडीने, समजून घेऊन ठरवायचा निर्णय असतो.

यजमानांसाठी चार शब्द. दादा, तुम्ही त्या रात्री क्षणाचाही विलंब न लावता यांना घेऊन निघालात. तेच पुढेही करायचं आहे. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटल्याने धडधड थांबत नाही, आणि पुढच्या वेळी ती तुमच्यापासून लपवली जाते. त्यापेक्षा नाडी मोजायला शिका. अंगठ्याने नाही, पहिल्या दोन बोटांनी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला. ३० सेकंद मोजून दुप्पट करायची. आणि डॉक्टरांकडे सोबत जा. ती रात्र तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, तुमच्या सांगण्याला तिथे वजन असेल.

हरतालिकेबद्दल: या वर्षी निर्जळी करू नका. अंगातलं पाणी कमी झालं, त्यात जागरण झालं, की अशी धडधड सुरू व्हायला निमित्त मिळतं. पाणी, फळं, दूध घेऊन उपवास करा, पूजा करा. सासूबाई काही म्हणाल्या तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, मी सांगतेच आहे. चहा दिवसाला दोन कप चालेल. सर्दीच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर घेऊ नका. त्यातल्या कितीतरी गोळ्यांत चोंदलेलं नाक मोकळं करणारं जे औषध असतं, ते धडधडीलाही निमित्त ठरू शकतं.

तपासणी झाली की रिपोर्ट काय आला ते मला कळवा.